तबकडी फिरते, चित्र दिसत नाही

आमच्या बैठकीतील ब्लू-रे प्लेअरने मागच्या वर्षी मार्चअखेरीस मान टाकली. दुरुस्तीच्या दुकानात त्याचे झाकण उघडून पाहिल्यावर लेझरचा भाग गेला आहे आणि तो आता मिळत नाही, एवढेच निदान झाले. नवीन घ्यावा म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारात गेलो, तर ज्या दुकानांत पूर्वी भिंतभर प्लेअर मांडलेले असत तिथे आता साउंडबार आणि मोबाइलची कव्हरे. घरात मात्र साठेक ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या, तबकड्या आहेत. यजमानांनी त्या दहा-बारा वर्षांत एकेक करून जमवल्या असून काहींचे वेष्टनही अजून फोडलेले नाही. शेवटी असे ठरले की, लॅपटॉपला जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह घ्यावा, लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला लावावा आणि सुट्टीत बहिणीकडची मंडळी आली की रोज एक चित्रपट पाहावा. ठरवायला पाच मिनिटे लागली. निर्वेधपणे पहिला चित्रपट पाहायला मे महिना निम्मा संपला.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे काही बिघडले की वहीत लिहून ठेवण्याची सवय आहे. या दीड महिन्यात त्या वहीची अकरा पाने भरली. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. सीडी किंवा डीव्हीडी चालली नाही की आपण खराबी शोधतो: ओरखडा, धूळ, सैल वायर. ब्लू-रेच्या बाबतीत निम्म्या वेळा खराबी नसतेच. ड्राइव्ह धडधाकट असतो, तबकडी स्वच्छ असते, टीव्ही उत्तम असतो, आणि तरीही चित्र दिसत नाही, कारण तबकडीपासून पडद्यापर्यंतच्या साखळीत कोणीतरी परवानगी नाकारलेली असते. माझा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "मावशी, हा बिघडला नाही, हा अडून राहिला." मला ते वाक्य इतके पटले की वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून मी डावीकडे 'दमला' आणि उजवीकडे 'अडला' असे दोन रकाने केले. चित्र अडखळत असेल, आवाज मागे पडत असेल, तबकडी फिरून थांबत असेल, तर यंत्र दमलेले असते. काळा पडदा, एखादा संदेश किंवा चित्र अचानक संपूर्ण बंद होणे, ही अडल्याची लक्षणे होत. कोणत्या रकान्यात लिहायचे हे आधी ठरवले, तर शोधण्याचे कष्ट निम्म्याने कमी होतात.

पहिल्या दिवशीचा प्रकार दमण्याचा होता. ड्राइव्ह हाताच्या पंजाएवढा, पातळ, वेगळा वीजपुरवठा नसलेला. लॅपटॉपला आधीच एक यूएसबी हब (एका तोंडाची अनेक तोंडे करणारी डबी) लावलेला होता आणि त्यात माउस व पेन ड्राइव्ह होते. त्याच हबमध्ये हाही खोचला. तबकडी आत गेली, घरघर सुरू झाली, आवाज चढत गेला आणि ऐन चढावर 'टक्' करून थांबला. पुन्हा घरघर, पुन्हा टक्. स्क्रीनवर ड्राइव्हचे चिन्ह यायचे आणि जायचे. यजमानांना वाटले तबकडी खराब आहे, म्हणून दुसरी घातली, मग तिसरी. ड्राइव्हच्या वायरीला लॅपटॉपच्या बाजूने दोन पिना होत्या आणि त्यांतली एक आम्ही जादा समजून तशीच लोंबकळत ठेवली होती, हे माझ्या लक्षात यायला संध्याकाळ झाली.

ती दुसरी पिन शोभेची नसते. यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलीअँपिअर आणि ३.० च्या तोंडातून ९०० मिलीअँपिअर एवढाच प्रवाह मिळण्याची हमी असते, आणि स्थिर तबकडीला गती देण्याच्या त्या पहिल्या काही क्षणांत मोटर व लेझर मिळून त्याहून जास्त मागू शकतात. त्यातून आमचा हब लॅपटॉपकडूनच वीज घेणारा, म्हणजे एका घोटात तिघांची तहान. हब काढला, दोन्ही पिना थेट लॅपटॉपच्या दोन तोंडांत लावल्या आणि घरघर एका सुरात येऊन स्थिरावली. दुकानदार "३.० च पाहिजे" असे सांगतात, ते विजेच्या दृष्टीने बरोबर आहे, वेगाच्या दृष्टीने त्याची गरज नाही. ब्लू-रे चित्रपटाला सेकंदाला जास्तीत जास्त ५४ मेगाबिट एवढा प्रवाह लागतो आणि २.० ची कागदावरची क्षमता ४८० मेगाबिट आहे.

याच सुमारास भाच्याने आपल्या जुन्या लॅपटॉपमधील डीव्हीडी ड्राइव्हमध्ये तबकडी घालून पाहिली आणि साइज तर सारखीच आहे, मग हा का वाचत नाही, असे मला विचारले. प्रश्न रास्त होता. तिन्ही प्रकारच्या तबकड्या १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलीमीटर जाडीच्या असतात. फरक रेघेचा आहे. जाड चिमटीने काढलेल्या रांगोळीत एका हाताच्या अंतरात दहा रेघा बसत असतील, तर बारीक चिमटीने वीस बसतात, आणि चिमटीची बारकाई इथे प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरते. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा लाल आणि ब्लू-रेचा ४०५ चा निळसर-जांभळा. त्यामुळे शेजारच्या दोन रेघांमधले अंतर सीडीत १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीत ०.७४ आणि ब्लू-रेत ०.३२ एवढे खाली आले आणि एका थरात २५ गीगाबाइट, दोन थरांत ५० गीगाबाइट मावू लागले. लाल लेझरच्या डोळ्याला ही रांगोळी दिसतच नाही. म्हणून कोणी जुना लॅपटॉप घेऊन आले, तर सर्वांत आधी ड्राइव्हच्या तोंडावर ब्लू-रेची खूण आहे का ते पाहावे. पुष्कळदा गोष्ट तिथेच संपते.

माहितीचा थरही वर सरकलेला आहे. डीव्हीडीत तो पृष्ठभागापासून ०.६ मिलीमीटर खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिलीमीटर. एवढ्या पातळ आवरणाला चरे पडू नयेत म्हणून वर टणक लेप देतात, आणि तो खरोखरच चांगला असतो; आमच्या साठ तबकड्यांत ओरखड्याने वाया गेलेली एकही निघाली नाही. बोटांचे ठसे मात्र त्रास देतात. यजमान तबकडी चष्म्याच्या फडक्याने गोल-गोल पुसत असत, जसे आपण ताट पुसतो. तसे पुसू नये. फडके मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ ओढावे, कारण पुसताना चरा पडलाच तर तो रेघेला आडवा पडतो आणि प्रत्येक फेरीत माहितीचा अगदी छोटा तुकडा जातो, जो वाचण्याची चूक दुरुस्त करणारी यंत्रणा भरून काढू शकते. रेघेच्या बाजूने गेलेला चरा एकसलग मजकूर खातो. एक साधी परीक्षा माझ्या वहीत अधोरेखित आहे: चित्रपट दर वेळी त्याच मिनिटाला अडकत असेल तर तबकडी पुसावी, दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर तबकडीला दोष देऊ नये.

वीज मिळाली, तबकडी फिरली, आणि मग आम्ही उजव्या रकान्यात शिरलो. विंडोजमध्ये तबकडी उघडली, तर 'बीडीएमव्ही' आणि 'सर्टिफिकेट' अशी फोल्डर दिसली आणि आत खोलवर वीसेक गीगाबाइटची एक फाइल. यजमान म्हणाले, हीच असणार, हिच्यावर दोनदा क्लिक करू. काहीही झाले नाही. विंडोजच्या कोणत्याही आवृत्तीबरोबर ब्लू-रे चित्रपट चालवणारा प्रोग्रॅम मिळत नाही. विंडोज ८ पासून तर डीव्हीडीची सोयही मूळ संचातून गेली. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर-प्रोग्रॅम लावून पाहिला, तर एएसीएस उकलण्यासाठी लागणारी लायब्ररी तुमच्याकडे नाही, अशा अर्थाचा संदेश आला. हा संदेश खोटा नाही. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सर्व ब्लू-रे चित्रपटांवरील मजकूर कुलूपबंद असतो. एएसीएस हे त्या कुलपाचे नाव, आणि त्याची किल्ली फक्त परवाना घेतलेल्या प्लेअरला व प्रोग्रॅमला मिळते. घरातल्या समारंभाचे, कोऱ्या तबकडीवर भरलेले चित्रीकरण व्हीएलसी निमूटपणे दाखवते, कारण त्याला कुलूप नसते. आमच्या मुंजीची तबकडी चालली आणि चित्रपट चालला नाही, यावरूनच मला ड्राइव्ह निर्दोष असल्याची खात्री पटली.

ड्राइव्हच्या खोक्यात एका प्रोग्रॅमची तबकडी आलेली होती. ती बसवली आणि २०१० साली घेतलेला एक हिंदी चित्रपट लगेच सुरू झाला. टीव्हीवर नव्हे, लॅपटॉपवर. पण सुरू झाला. यजमानांनी उत्साहाने अलीकडे घेतलेली, वेष्टनातील एक नवी तबकडी फोडून घातली. प्रोग्रॅमने अपडेट करा असा संदेश दाखवून ती परत बाहेर ढकलली. ठीक आहे, जुनाच पाहू, म्हणून पहिला चित्रपट पुन्हा घातला, तर आता तोही चालेना! अर्ध्या तासापूर्वी चाललेली तबकडी, तोच ड्राइव्ह, तोच लॅपटॉप. यजमानांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही दाबले.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे, कारण याला कोणीही बिघाडच म्हणेल. एखाद्या प्लेअर-प्रोग्रॅमची किल्ली बाहेर फुटली किंवा तिची मुदत संपली की कुलूपवाले तिला रद्द करतात आणि त्यानंतर छापल्या जाणाऱ्या तबकड्यांवर रद्द किल्ल्यांची नवी यादी घालतात. नवी तबकडी जुन्या किल्लीने उघडत नाही, एवढे तर सरळ आहे. गंमत पुढे आहे: ड्राइव्ह ती नवी यादी तबकडीवरून वाचतो आणि स्वतःच्या स्मृतीत कायमची टिपून ठेवतो. त्यानंतर जुन्या किल्लीचा प्रोग्रॅम दारात आला की ड्राइव्ह त्याच्याशी बोलतच नाही, मग आत कितीही जुनी तबकडी असो. लॅपटॉप पुसून विंडोज नव्याने टाकले तरी उपयोग नाही, कारण यादी लॅपटॉपमध्ये नसते. उपाय एकच, तो म्हणजे प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती. खोक्यातून आलेल्या आवृत्तीचे अपडेट केव्हाच बंद झालेले होते आणि विकणाऱ्याने "सगळं चालते" याखेरीज काही सांगितलेले नव्हते. शेवटी चालू आवृत्ती पैसे देऊन घेतली. ड्राइव्हच्या किमतीवर हा खर्च वेगळा धरावा लागतो, हे आधी माहीत असते तर मनस्ताप वाचला असता. भाच्याने कुलूप फोडणारे प्रोग्रॅम सुचवले. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कलम आले असून हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणे हा त्यानुसार गुन्हा आहे, हे मी त्याला वाचून दाखवले. आपण विकत घेतलेला चित्रपट आपल्याच घरी पाहण्याचा हेतू त्यात बसतो का, यावर तो बराच वेळ वाद घालत राहिला. त्याचे म्हणणे मला सर्वस्वी चूक वाटले नाही, पण विकतचा प्रोग्रॅम तोवर बसवून झाला होता.

एप्रिलच्या मध्यावर डावा रकाना पुन्हा उघडला. दुपारी जेवणानंतर चित्रपट लावला की पहिली वीस-पंचवीस मिनिटे उत्तम जायची, मग पात्रांचे ओठ आणि आवाज यांची फारकत व्हायची, आणि थोड्या वेळाने चित्र पायऱ्या उतरल्यासारखे चालायचे. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. पारा ४५ कडे झुकलेला, खोलीत कूलर घोंघावत असलेला आणि लॅपटॉप गादीवर. गादीने खालची जाळी बंद केलेली होती, आणि कूलरच्या झोताने गार वाटत होते ते आम्हाला. लॅपटॉपच्या पोटात तो झोत पोचतच नव्हता. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो, आणि कमी वेगात चित्र उलगडणे त्याला झेपत नाही.

किती उलगडायचे असते, त्याचा हिशेब मी भाच्याकडून करवून घेतला. ब्लू-रेची एक चौकट १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांची. आपल्याकडच्या डीव्हीडीची ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ची. बरोबर पाचपट. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दर सेकंदाला जवळजवळ पाच कोटी ठिपके घट्ट आवळलेल्या स्वरूपातून मोकळे करून पडद्यावर मांडायचे असतात. हे काम मुख्य प्रोसेसरने करू नये, ग्राफिक्सच्या चिपमध्ये त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था असते. कोणता भाग किती राबतो हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहिला, तर आमचा प्रोसेसर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राबत होता आणि ग्राफिक्स जवळपास बसून. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये हार्डवेअरची मदत घेण्याचा पर्याय बंद पडलेला होता. तो चालू केल्यावर काही झाले नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लॅपटॉप घेतल्यापासून, म्हणजे २०१६ पासून, बदललेला नव्हता. नवा ड्रायव्हर टाकला आणि आकडा पंधराच्या आसपास आला.

लॅपटॉप गादीवरून उतरवून दोन पाटांवर असा ठेवला की मधली जाळी मोकळी राहील. कूलरच्या थेट झोतापासूनही त्याला दूर केले, कारण त्या हवेत ओलावा असतो. एवढे करूनही एके दुपारी चित्र अचानक पायऱ्या उतरू लागले, तेव्हा कारण घराबाहेर निघाले: लाइन गेली होती. कूलर बंद झाला म्हणून आम्ही वैतागलो, पण लॅपटॉप बॅटरीवर गेला आहे आणि बॅटरीवर जाताच तो काटकसरीच्या सेटिंगमध्ये शिरतो, हे तेव्हा सुचले नाही. आता ते सेटिंग बदलून ठेवले आहे. बॅटरी दीड तासात संपते, पण तेवढ्यात लाइन बहुधा परत येते.

अडखळण्याचा आणखी एक प्रकार आहे, जो मला सर्वांत जास्त छळून गेला, कारण त्यात यंत्र दमलेलेही नसते आणि अडलेलेही नसते. प्रोसेसर शांत, ग्राफिक्स शांत, संवाद चालू असताना चित्र निर्मळ. आणि कॅमेरा संथपणे डावीकडून उजवीकडे फिरू लागला की डोंगर हलकेच हिसके देत सरकतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आणि टीव्हीला जाणारे चित्र सेकंदाला ६० वेळा ताजे होणारे. साठाला चोविसाने पूर्ण भाग जात नाही. म्हणून एक चौकट दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा, असे आळीपाळीने दाखवावे लागते, आणि संथ हालचालीत ही लंगडी चाल डोळ्यांना टोचते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा दर ६० ऐवजी २४ हर्ट्झ केला की डोंगर सरळ सरकतात. बहुतेक टीव्ही हा दर घेतात. चित्रपट संपल्यावर तो परत ६० करावा, नाहीतर माउसचा बाण भुतासारखा मागून येतो.

टीव्हीची जोडणी हा मात्र निखळ उजव्या रकान्याचा विषय. लॅपटॉपवर चित्र दिसते, केबल लावून दोन्हीकडे एकच दृश्य ठेवले की दोन्ही पडदे काळे. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र जाण्याआधी दोन्ही टोकांची एचडीसीपी नावाची ओळख-परेड होते. लॅपटॉप टीव्हीला विचारतो की तू परवानाधारक आहेस का, आणि पलीकडून योग्य उत्तर आले नाही तर संरक्षित चित्र पाठवत नाही. आमच्या लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आणि टीव्ही यांना एकाच वेळी तेच चित्र द्यायचे म्हटले की ही परेड फसत होती. विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून 'फक्त दुसरा पडदा' निवडल्यावर चित्र लख्ख आले. पडद्याचे चित्रीकरण करणारा एखादा प्रोग्रॅम मागे चालू असेल तरी प्लेअर अडून बसतो, असे नंतर आढळले; भाच्याने ऑनलाइन वर्गांसाठी तसा एक टाकून ठेवला होता. टीव्ही आधी सुरू करावा, मग केबल, मग प्रोग्रॅम. हा क्रम अंधश्रद्धेसारखा वाटेल, पण परेड सुरुवातीलाच होत असल्यामुळे त्याला अर्थ आहे.

गच्चीवरच्या बेताचे काय झाले ते न सांगितलेलेच बरे, तरी सांगते. मे महिन्यातल्या रात्री गच्चीवर पाणी मारून, गाद्या टाकून, पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टरने चित्रपट पाहायचा, असे मुलांनी ठरवले. प्रोजेक्टर ओळखीतल्या एकांचा, जुना, त्याला फक्त निळ्या पिनेची व्हीजीए जोडणी. लॅपटॉपला व्हीजीए नाही म्हणून बदलणारा छोटा अडॅप्टर आणला. लॅपटॉपचा वॉलपेपर चादरीवर झकास आला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि चित्रपट लावताच चादर काळी झाली. व्हीजीएच्या वायरीत ओळख पटवण्याची सोयच नाही. ब्लू-रेच्या कुलपाचा नियमच असा आहे की २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरने असल्या जुन्या जोडणीवर संरक्षित चित्र सोडायचेच नाही. मुले खरबूज खाऊन झोपली.

आवाजाचे थोडक्यात. टीव्हीवर चित्र आणि लॅपटॉपमधून आवाज, असे झाले तर विंडोजमध्ये आवाजाचे ठिकाण बदलून टीव्ही निवडावे. टीव्ही निवडूनही शांतता असेल, तर प्रोग्रॅम डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएसचा आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवतो आहे आणि साध्या टीव्हीला तो उलगडता येत नाही, असे समजावे. सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे आधीच उलगडलेला आवाज, निवडले की काम होते.

भाच्याने मेच्या शेवटी आपला नवा, माझ्यापेक्षा तिप्पट किमतीचा लॅपटॉप आणि मित्राकडून आणलेली काळ्या खोक्यातली ४के (ब्लू-रेहूनही बारीक चित्राची) तबकडी काढली. माझ्या ड्राइव्हने ती ओळखलीच नाही, कारण त्या तबकड्या बहुधा ६६ किंवा १०० गीगाबाइटच्या असतात आणि त्यांना त्या लायक ड्राइव्ह लागतो. तो तसा ड्राइव्ह मागवणार होता, मी थांबवले. ४के ब्लू-रेचे कुलूप विंडोजवर उघडण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नावाचा बंदिस्त कप्पा लागतो. तो काही पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये होता, आणि अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती लॅपटॉपमधून तो काढून टाकला. त्याचा प्रोसेसर तेराव्या पिढीचा. "म्हणजे मी आठव्या पिढीचा सेकंडहँड घेतला असता तर चालला असता?" त्याने विचारले. ड्राइव्ह, केबल आणि टीव्ही यांनीही साथ दिली असती तर चालला असता, असे मी म्हणाले. तो दोन मिनिटे काही बोलला नाही.

आता राहता राहिल्या तीन तबकड्या. माझ्या नणंदेने त्या जर्मनीहून आणल्या आहेत आणि त्यांच्या मागे षटकोनात 'बी' हे अक्षर आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. युरोप बी मध्ये आणि आपण चीन-रशियाबरोबर सी मध्ये. ज्या तबकड्यांवर ए, बी, सी तिन्ही अक्षरे असतात त्या कुठेही चालतात, आणि आमच्याकडच्या बहुतेक तशाच आहेत. डीव्हीडीचा विभाग ड्राइव्हमध्ये नोंदलेला असतो आणि तो पाचच वेळा बदलता येतो. ब्लू-रेचा विभाग प्लेअर-प्रोग्रॅम पाहतो, आणि माझ्या प्रोग्रॅमनेही बदलाला पाचाचीच मर्यादा घातली आहे. यजमानांना एका रविवारी बी ची एक तबकडी पाहायची होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी सी ची. मी त्यांना हिशेब मांडून दिला: असे केले तर तीन तबकड्यांसाठी सहा बदल लागतील आणि तिसरी पाहिल्यावर आपण कायमचे युरोपात अडकू. त्याऐवजी एकदा बी करून तिन्ही सलग पाहाव्यात आणि मग सी वर परतावे, म्हणजे दोनच बदल खर्ची पडतील. नणंदबाई दिवाळीला येणार आहेत, तेव्हा लक्ष्मीपूजनानंतरचे तीन दिवस त्यासाठी राखून ठेवले आहेत. त्या तिघी तबकड्यांना यजमानांनी रबर लावून वेगळे बांधले असून वर चिठ्ठी चिकटवली आहे: 'एकत्रच लावणे'.